दोन नंबर खिडकी ते एक्केचाळिसावा मजला

३ मार्च, सोमवार. संध्याकाळ.
टॉवरच्या नोटीस बोर्डावर नोटीस लागली. सतरा तारखेपासून तळमजल्यावरच्या दोन्ही तिकीटखिडक्या बंद, त्या जागी मशीन. खिडकी नंबर एकवरचा माणूस गेटवर जाणार. मला बढती. एक्केचाळिसाव्या मजल्यावरच्या गॅलरीत 'व्ह्यू गाइड'. पर्यटकांना वरून शहर दाखवायचं.
योग्यच निवड. बावीस वर्षं खिडकी नंबर दोनवर बसून मी लोकांना वरून काय काय दिसतं ते सांगतो आहे. (स्टाफमध्ये त्याला एक नंबर म्हणतात आणि मला दोन नंबर. लोक हसतात. मी मनावर घेत नाही.)
एक बारीकशी गोष्ट. बऱ्याच दिवसांत वर जाणं झालेलं नाही. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही म्हणून नेमकं लिहितो: नोकरीच्या पहिल्या दिवशी लिफ्टने वर गेलो होतो. दार उघडलं. मी आतच थांबलो आणि त्याच लिफ्टने खाली आलो. कानाला दडे बसले होते.
उद्या जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन यायचं. विषय संपला.

४ मार्च, मंगळवार.
गेलो नाही. धुरकट हवा. अशा हवेत वर जाऊन दिसणार काय? उद्या.

५ मार्च, बुधवार. रात्रीच्या जेवणाआधी.
घरी बढतीची बातमी दिली. ही भाजी निवडत होती. थांबली. म्हणाली, जमेल ना तुम्हाला? हा काय प्रश्न झाला? मी म्हणालो, न जमायला काय झालं. ती पुन्हा भाजी निवडायला लागली, पण फार सावकाश.
तेवढ्यात लेकीचा फोन. बावीस तारखेला, शनिवारी, तिचे होणारे सासू-सासरे येणार आहेत. म्हणजे माझे व्याही आणि विहीणबाई. व्याही भूमापन खात्यात तेहतीस वर्षं होते. सगळं शहर त्यांनी साखळी टाकून मोजलंय. आता एकदा ते वरून बघायचंय म्हणे, आणि तेही माझ्याबरोबर. मी म्हणालो, अवश्य. लेकीने तेच पुन्हा विचारलं, मी पुन्हा अवश्य म्हणालो. मग म्हणाली, नक्की ना बाबा? नेटवर्क हल्ली फार खराब आहे.

६ मार्च, गुरुवार.
शास्त्रीय पद्धतीने जायचं ठरवलं. एक्केचाळीस मजले, सोळा दिवस. रोज तीन मजले. तेही जिन्याने, म्हणजे कानाला त्रास नको.
आज दुसरा मजला. तिथे हिशेब विभाग. एकही खिडकी नाही. दहा मिनिटं बसलो, काहीही झालं नाही. क्लार्क म्हणाली, काही काम होतं का? म्हणालो, पाहणी चालू आहे.
तीनऐवजी दोन झाले, पण सुरुवात दमदार.

७ मार्च, शुक्रवार.
चौथा मजला. जिन्याच्या वळणावर खिडकी आहे. खिडकीकडे पाठ करून उभा राहिलो. समोरच्या भिंतीचा रंग उडालाय, हे साहेबांच्या कानावर घालायला हवं. उतरताना भिंतीला धरून उतरलो. वय झालं की आधार लागतोच.

१० मार्च, सोमवार.
सहावा मजला. इथली खिडकी जरा मोठी आहे. पायरीवर बसलो आणि कठडा धरला. किती वेळ बसलो ते घड्याळ न पाहिल्यामुळे सांगता येत नाही. लिफ्टमन चहाला म्हणून जिन्यात आला. मी म्हणालो, कठड्याचे नटबोल्ट तपासतोय. तो शेजारी बसला. अर्धा चहा मला दिला. मग म्हणाला, आपल्या लिफ्टची मागची भिंत काचेची आहे ना, अठरा वर्षं झाली, मी बटणांकडे तोंड करूनच उभा असतो. काचेतून खाली बघायची हिंमत होत नाही.
मी त्याला समजावलं की याला भीती म्हणतात, चांगल्या डॉक्टरला दाखवावं, लाजू नये. माझं तसं काही नाही. तो म्हणाला, बरोबर आहे. मग मला लिफ्टने खाली आणलं. मीही बटणांकडे बघत होतो. त्याला सोबत म्हणून.

१२ मार्च, बुधवार.
योजना बदलली. मुळात चढणं महत्त्वाचं नाही, ज्ञान महत्त्वाचं. नोकरीला लागताना मिळालेली माहितीपुस्तिका ट्रंकेतून काढली. चार दिशा, अडतीस ठिकाणं. पूर्व आणि दक्षिण तोंडपाठ झाली.
संध्याकाळी हिला समोर बसवून तालीम केली. आवाज खणखणीत. ही म्हणाली, छान. आता हेच स्टुलावर उभं राहून म्हणा. मी म्हणालो, त्याची गरज नाही.
(घरातले बल्ब हीच बदलते. तिचा हात हलका आहे.)

१४ मार्च, शुक्रवार. दुपार.
रजा टाकून कानाच्या डॉक्टरकडे. कान उत्तम निघाले. इतके स्वच्छ कान या वयात क्वचित दिसतात म्हणाला. तरुण आहे, अनुभव कमी. मग विचारलं, घराच्या गच्चीवर जाता का? सांगितलं, आम्ही हौसेने तळमजल्यावर राहतो. त्याने कागदावर दुसऱ्या एका डॉक्टरीण बाईंचं नाव लिहून दिलं. मनाच्या आहेत.
जेवणाच्या टेबलाचा एक पाय डुगडुगत होता. तो कागद घडी करून खाली घातला. आता टेबल हलत नाही.

१७ मार्च, सोमवार.
खिडक्यांच्या काचा काढल्या. माझ्या खुर्चीच्या जागी एक हिरवं मशीन. नवा निळा कोट मिळाला, छातीवर बिल्ला. फोटोही काढला. रुबाबदार आलाय.
साडेनऊला लिफ्टपाशी पोचलो. रांगेत एक वयस्कर बाई होत्या, त्यांना माझी जागा दिली. पुढच्या फेरीला एका जोडप्याला. मग एका पाय मुरगळलेल्या गृहस्थांना. सभ्यता म्हणून काही असते. साडेअकरापर्यंत अशी चाळीसेक माणसं मी वर पाठवली. लिफ्टमन म्हणाला, काका, आता रांगेत कोणी नाही.
नेमकं त्याच वेळी पोट दुखायला लागलं. आजारपणाची रजा टाकून घरी.

१८ मार्च, मंगळवार.
पोट ठीक. पण पोटाचा भरवसा नसतो. रजा.

१९ मार्च, बुधवार.
रजा. उत्तर आणि पश्चिम पाठ झाली. हिने टेबलाखालचा कागद काढून, उलगडून, माझ्या उशीशी ठेवला होता. मी परत खाली घातला.

२० मार्च, गुरुवार. संध्याकाळ.
साहेबांचा फोन. शनिवारी दहा वाजता मी गॅलरीत उभा दिसलो नाही, तर जो काय निर्णय होईल तो लेखी मिळेल. मी म्हणालो, शनिवारचं तर माझंच ठरलंय.
ही फोन ऐकत उभी होती. म्हणाली, पोरीला आजच खरं काय ते सांगून टाका. मी म्हणालो, कसलं खरं? ती समोर बसली. म्हणाली, बावीस वर्षांत मी तुम्हाला एकदा विचारलं नाही, आताही विचारत नाही. एवढंच सांगते, की व्याही साधी माणसं आहेत, समजून घेतील.
समजून घेण्यासारखं आहेच काय यात? दुपारी जेवण गेलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार. संध्याकाळ.
दुपारी कामावर गेलो. रंगीत तालीम करायची म्हणून. लिफ्टमनने लिफ्ट रिकामी ठेवली होती. मी बटणांकडे तोंड करून उभा. तोही. अठ्ठेचाळीस सेकंद लागतात. एक्केचाळीसवर दार उघडलं. पांढरा लख्ख उजेड आणि वाऱ्याचा घोंगावणारा आवाज. लिफ्टमन हळूच म्हणाला, दोन पावलं, काका. फक्त दोन. त्याने दार हाताने धरून ठेवलं होतं. दाराने दोनदा पीं पीं केलं. तिसऱ्यांदा केल्यावर त्याने हात काढला.
खाली आल्यावर शर्ट पिळून घ्यावा इतका ओला.
तरी एकूण बघता तालीम नव्वद टक्के यशस्वी. राहिली ती दोन पावलं. ती उद्या.

२२ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६.
क्रमाने लिहितो.
दहाला पाच कमी असताना सगळे आले. व्याही बारीक अंगाचे, उन्हाने रापलेले, गळ्यात दुर्बीण. विहीणबाई हसऱ्या. होणारा जावई, लेक, ही. साहेब गेटपाशी घड्याळ बघत उभे. मी कोटाची बटणं लावली आणि लिफ्टमध्ये शिरलो. मागे वळायला जागाच नव्हती.
वर दार उघडलं. सगळे बाहेर पडले. लेक परत आत आली, तिने माझी बाही धरली आणि चालायला लागली. बाही तिच्या हातात होती, त्यामुळे मलाही जावं लागलं. दोन पावलं झाली. मग आणखी चार. लिफ्टच्या दाराशेजारची भिंत पाठीला लागली, तिथे उभा राहिलो. ऊन डोळ्यांवर येत होतं, म्हणून डोळे मिटले.
आणि सुरू केलं. पूर्वेला बघा, स्टेशनचं घड्याळ. त्याच्या डावीकडे वीटकारखान्याची तीन धुराडी. आवाज लागला होता. आजूबाजूला आणखी लोक गोळा झाल्याचं पावलांवरून कळलं. एक माणूस म्हणाला, धुराडी कुठायत? मला तर एकही दिसत नाही.
वारा काचांवर आपटत होता.
तेवढ्यात व्याही म्हणाले, आहेत की. त्या निळ्या इमारतीच्या मागे. दुर्बिणीतून स्वच्छ दिसतायत. मग मला विचारलं, आणि धुराड्यांच्या पलीकडे? मी म्हणालो, पलीकडे बोटींचा धक्का. ते म्हणाले, दिसला. दक्षिणेला? नाट्यगृहाचा हिरवा घुमट. तोही दिसला. असं एकेक करत आम्ही चारही दिशा घेतल्या. तेहतीस वर्षं शहर मोजलेला माणूस माझं एकेक ठिकाण मान्य करत होता. छाती भरून आली. मनात म्हटलं, ही नोकरी मी आधीच घ्यायला हवी होती.
मग लेक कानाशी आली. हळू म्हणाली, बाबा, पुरे आता. धुराडी मी कॉलेजात असतानाच पाडली. घुमटही राहिला नाही. ते तुमच्यासाठी हो म्हणतायत.
मी म्हणालो, वाऱ्याने नीट ऐकू येत नाही.
ती म्हणाली, तिसरीत असताना मी रोज एक वाजता शाळेच्या गच्चीवरून टॉवरकडे हात हलवायचे. तुम्ही घरी येऊन सांगायचात, मीही वरून हलवला, दिसला का? चौथीत आमची सहल निघाली. बस टॉवरसमोर सिग्नलला थांबली, बरोबर एक वाजता. तुम्ही खालच्या खिडकीत डबा खात होतात. तरी पुढं दोन वर्षं हलवत राहिले. तुम्ही इतके खूश होऊन विचारायचात.
मी डोळे उघडले. तिचा चेहरा दिसला. तिच्या खांद्यामागे काहीच नव्हतं, नुसतं निळं, आणि ते हलत होतं. खाली बसलो. तिचा हात घट्ट धरला होता, इतका की नंतर पाहिलं तर तिच्या मनगटावर माझी बोटं उमटलेली. जावई आणि लिफ्टमन यांनी दोन्हीकडून धरून खाली आणलं.
जेवताना वरचा विषय कोणी काढला नाही. विहीणबाईंनी मला दोनदा वाढलं. जेवण झाल्यावर व्याह्यांनी पुस्तिका मागून घेतली, पेन्सिल काढली आणि जी ठिकाणं आता नाहीत त्यांच्याभोवती बारीक गोल केले. अडतीसपैकी तेवीस. प्रत्येक गोल करताना, तिथे आता काय आहे ते सांगितलं. एकदाही हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

२४ मार्च, सोमवार.
लेखी निर्णय मिळाला. अभिप्रायाच्या वहीत एका पर्यटकाने लिहिलं होतं, की गाइड डोळे मिटून, भिंतीला चिकटून, नसलेल्या इमारती दाखवतो. माझी बदली तळघरातल्या सामानघरात. लोकांच्या बॅगा ठेवून घ्यायच्या, टोकन द्यायचं.
हिने पत्र वाचलं आणि देवाण-घेवाणीचंच काम आहे, तुम्हाला सवय आहे, म्हणाली. खरं आहे. जबाबदारीची जागा आहे. परक्यांचं सामान कोणाच्याही हाती देत नाहीत.
लेकीने फोनवर जेवलात का, एवढंच विचारलं. मी जेवलो म्हणालो. खरंच जेवलो होतो.

२५ मार्च, मंगळवार.
उद्या हजर व्हायचं. संकल्प: सामानघराची नव्याने मांडणी. मोठ्या बॅगा डावीकडे, छत्र्या उजवीकडे. महिन्याभरात साहेबांच्या नजरेत भरेल असं काम.

२६ मार्च, बुधवार. संध्याकाळ.
तळघराचा जिना लोखंडी आहे. बावीस पायऱ्या. मधे फटी आहेत, फटींतून तळघराची फरशी दिसते. बरीच खाली आहे.
साडेनऊला वरच्या पायरीवर पोचलो. दहाला तिथेच होतो. खाली दोन-तीन पर्यटक बॅगा घेऊन ताटकळत उभे, वर मान करून माझ्याकडे बघत.
एक नंबर गेटवरून आला. काय झालं म्हणाला.
नटबोल्ट म्हणणार होतो. म्हणालो, भीती वाटते.
तो म्हणाला, कुठे, इथे?
म्हणालो, हो, इथे.
त्याने हात पुढे केला. मी धरला. उलटं तोंड करून, एकेक पायरी, तो खाली आणि मी वर. अकरा मिनिटं लागली.
उद्यापासून घरून अर्धा तास आधी निघायचं. जिन्याला वेळ ठेवायला हवा.