माती अजून ओलीच

३ मार्च

बी पेरलं! टोमॅटो, मिरची, वांगी – पसरट ट्रेमध्ये, मागच्या दाराच्या पायरीवर. घेवडा आणि काकडी वाफ्यात जातील, थंडी नक्की गेली की. बी आईंचंच, गेल्या वर्षी औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवलेलं. निम्मं वापरलं, निम्मं मागे ठेवलं. माझा माझ्यावर भरवसा नाही.

इतकी वर्षं ही परसबाग सासूबाईंची. मी फक्त भाजी तोडून आणायची, तीही हमखास चुकीची. यंदा त्या पलंगावर. बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलं – पण उभं राहायला तयार नाहीत. वॉकर कोपऱ्यात नुसता उभा. त्यावर लेकीचे मोजे वाळत असतात.

फिजिओवाल्या बाईंनी आज मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, हाड उत्तम आहे, मनात भीती बसलीय. अशाच पडून राहिल्या तर पायातली ताकद जाईल आणि मग कायमचं अंथरूण. कायमचं!

म्हणून हा बागेचा घाट. हिरवं दिसलं तर मोह होईल, उठतील. असं आपलं माझं गणित.

१० मार्च

टोमॅटो आले. मिरची नाही. तिला वेळ लागतो म्हणे. की बी मेलेलंच होतं? येता-जाता वाकून बघते. माझ्या बघण्यानेच बिचारी वर यायची लाजत असेल.

ट्रे उचलून पलंगाशी नेला. आईंनी एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "करा काय करायचं ते."

या बाई मला एका देठासाठी फैलावर घ्यायच्या! त्या रागवल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१४ मार्च

सगळं आडवं झालं. काल ताठ होती, आज बुडाशी कुजून, मान टाकून पडलीत. मातीवर पांढरी बुरशी. ट्रे उचलला तर खालून पाणी गळलं. मी एवढं पाणी कधी घातलं?

१५ मार्च

उलगडा झाला – जेवताना. मी म्हणत होते, रोज सकाळी न चुकता पाणी घालत होते, तरी असं कसं? हे घास तोंडात धरून थांबले. ऑफिसला निघताना हेसुद्धा तांब्याभर घालत होते – मी विसरेन म्हणून. ठमी शाळेतून आल्यावर घालत होती – आम्ही दोघंही विसरू म्हणून! एकमेकांच्या नकळत तिघांनी मिळून प्रेमाने बुडवून मारली. खूप हसलो. मग मला रडू आलं.

नियम केला. पाणी फक्त मी घालणार. बाकी कुणी पायरीवरच्या पाइपला हात लावायचा नाही.

आईंचं दार लोटलेलं होतं, त्यांना यातलं काही कळलं नाही. तुमच्या बियांची आम्ही अशी वाट लावली, हे कुठल्या तोंडाने सांगू? उन्हाने करपली म्हणून सांगितलं. पाणी घालायचं राहून गेलं, म्हटलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.

१६ मार्च

दुसरी पेरणी. उरलेलं सगळं बी घातलं. बाटल्या रिकाम्या झाल्या. आता हे गेलं की संपलं.

ट्रेच्या तळाला सळई तापवून जास्तीची भोकं पाडली. ह्यांनी वाफे खणले, मी ढेकळं फोडली, कुजलेलं खत मिसळलं. घेवड्याला काठ्या रोवल्या. ठमीला त्या सरळ वाटतात, मला नाही. कंबरेचे तुकडे पडलेत.

२० मार्च

वन्संचा फोन. गावाबाहेर एक संस्था आहे, अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसांना चांगलं सांभाळतात. जागा धरून ठेवलीय. तू नोकरी कर, घर बघ, आणि वर हे – तुला तरी कुठवर पुरणार, असं प्रेमाने म्हणाल्या. प्रेमाने म्हणतात म्हणून भांडताही येत नाही. सहा तारखेला येतील, मग काय ते ठरवायचं.

ह्यांना सांगितलं. पेपर उलटा धरून वाचत बसले.

मला आई घरात हव्यात. टोमणे मारणाऱ्या हव्यात. हे मी त्यांना तोंडावर कधी म्हणणार नाही, म्हणून इथे लिहितेय.

२५ मार्च

उगवली! मिरचीसुद्धा! पण दुपारी दवाखान्यातल्या नोकरीवरून आले तर माती ओली. चिंब. मी आज पाणी घातलंच नव्हतं. बोटभर माती कोरडी होईपर्यंत थांबायचं, असं रोपवाटिकेतल्या माणसाने बजावलंय.

२६ मार्च

पुन्हा ओली! ह्यांना फैलावर घेतलं. त्यांनी आईची शपथ घेतली. म्हटलं, आईंच्या तब्येतीवर आता शपथाही नकोत. ठमीला विचारलं तर तिने भोकाडच पसरलं. दोघंही कानावर हात ठेवतात आणि माती मात्र ओली. मी काय वेडी आहे?

२८ मार्च

आज अब्रू गेली. शेजारच्या निवृत्त बँकवाल्या काकांना विचारलं, भिंतीवरून तुम्ही पाइप सोडता का? काकांना मिरच्या झोंबल्या. स्वतःच्या गुलाबांना पाणी पुरत नाही, तुमच्या वांग्यांना कुठून घालू, म्हणाले. घरी येऊन तोंड लपवून बसले.

३० मार्च

एका टोमॅटोने मान टाकली. सुरुवात झाली म्हणायची. आज रविवार, सगळे घरात, तर माती दिवसभर कोरडी! ट्रे विटांवर चढवले, मातीवर राख भुरभुरली. घेवड्याच्या पानांवर गोगलगायी. वेचून काढल्या, डोळे मिटून.

फिजिओवाल्या बाई काल येऊन गेल्या. आई पाय हलवायला तयार नाहीत. दुखतंय, म्हणाल्या, आणि पांघरूण ओढून घेतलं. बाईंनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

हल्ली मी निघताना आई रोज विचारतात, किती वाजता येशील? एकटं वाटत असणार. उशाशी फोन ठेवते. सहा तारीख जवळ येतेय. संस्थेत कोण विचारणार त्यांना, किती वाजता येणार म्हणून?

२ एप्रिल

ह्यांनी आज हळूच आईंच्या कपड्यांची बॅग माळ्यावरून काढली. मी ती परत वर ठेवली.

३ एप्रिल

दवाखान्यातली वीज गेली म्हणून लवकर सुटले. खताची पिशवी हातात, म्हणून बोळातून मागच्या अंगाने आले.

आई पायरीवर. उभ्या! एक हात वॉकरवर, दुसऱ्यात पाइप, पाइपच्या तोंडावर अंगठा धरलेला, बारीक फवारा. पाय लटपटत होते. वाकून माती चाचपणं त्यांना शक्यच नव्हतं, नुसत्या वरून घालत होत्या. आणि रोपांना सांगत होत्या, "तुमच्याकडे बघायला वेळ आहे का कुणाला या घरात? मी उठले नसते तर ह्या खेपेलाही करपला असतात."

पिशवी तिथेच भिंतीशी ठेवली. पाऊल न वाजवता मागे फिरले. रोजची वेळ होईपर्यंत कोपऱ्यावरच्या बाकावर बसून होते – हसत, रडत, लोक बघत होते. मग पुढच्या दाराने, किल्ली मुद्दाम खळखळवत घरात गेले. आई भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या.

वन्संना फोन करून सांगितलं, जागा सोडून द्या.

उद्यापासून पाणी मी घालणार नाही.