तीन नंबरवरचं पाणी

बाबा, लॉजच्या ऑफिसातला तो रिमोट तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून रबर लावला होता. मालक हसून म्हणाले होते, "काका, ह्यो काय सुको बांगडो आसा, गुंडाळून ठेवूक?" आणि तुम्ही अजिबात न हसता सांगितलंत, "खारो वारो लोखंडाक खाता, तो ह्येका सोडतलो काय?" तुमच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी आमच्या अख्ख्या किनाऱ्यावर पाहिला नाही, आईचा अपवाद सोडून. आज त्या रिमोटबद्दलच लिहायचं आहे. इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन, आणि मी अजून ही एक गोष्ट पोटात धरून बसले आहे.

रापणीवर तुमचं काम एकच होतं, पाणी बघायचं. बाकीचे चाळीसजण किनाऱ्यावर माडाखाली पत्ते खेळत, जाळी विणत, झोपा काढत बसायचे, आणि तुम्ही वरच्या कातळावर एकटे उभे. पाण्याचा रंग जरा काळवंडला, वाऱ्याशिवाय एखाद्या तुकड्यावर शहारा उठला, की तुम्ही टॉवेल हलवायचात. मग होडी जाळं सोडत अर्धगोल मारून यायची आणि चाळीस माणसं दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून ते जाळं किनाऱ्याला ओढायची. मला तुम्ही कधीकधी कातळावर न्यायचात. मी चौथी-पाचवीत असेन. डोळे फाडून बघत होते तर म्हणालात, "असा बघू नको गो. नजर सोडून ठेव. मासो आपणहून दिसता." एकदा मला कंटाळा आला आणि मी गंमत म्हणून खाली बघून ओरडले, "लागलो! लागलो!" खालची माणसं पत्ते टाकून उठली. तुम्ही हात हलवून त्यांना बसवलंत आणि मग माझ्याकडे वळलात. मारलं नाहीत. नुसतं म्हणालात, "पाण्याबद्दल खोटा बोलूचा नाय, चेडवा. चाळीस माणसां एका शब्दार उठतत." त्या दिवशी मी जेवले नव्हते. रागाने नाही, लाजेने.

मग एका सप्टेंबरात तुम्ही त्याच कातळावरून घसरलात. मांडीत सळी बसली, चालायला काठी आली आणि कातळ संपला. दुसऱ्या कुणालातरी वर उभं करून बघितलं, पण त्याला ढगाची सावली आणि मासळीतला फरक कळेना. लोक वैतागले आणि तुम्ही घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागलात. आई सकाळी टोपली घेऊन बाजारात जायची ती दुपार कलल्यावर यायची. तुम्हाला एकट्याला ठेवायची माझी छाती होईना, म्हणून मी तुम्हाला दुपारी रिक्षात घालून माझ्याबरोबर, मी कामाला होते त्या लॉजवर न्यायला लागले. साल दोन हजार सहा असावं. मालकांनी नुकतेच चार कॅमेरे बसवले होते. एक गेटवर, दुसरा जेवणाच्या हॉलमध्ये, तिसरा पाण्याच्या टाकीवर समुद्राकडे तोंड करून आणि चौथा मागच्या विहिरीकडे. तिसरा मुद्दाम लावला होता, कारण घाटावरचे पाहुणे आले की कमरेएवढ्या पाण्यात जाऊन फोटो काढतात आणि आपल्याला घोर लावतात.

पहिल्या दिवशी तुम्ही टीव्हीकडे बघून नाक मुरडलंत. "ह्या डब्यात समुद्र?" पण बसल्या बसल्या करणार काय? मी रिमोट हातात दिला आणि आकडे दाबायला शिकवलं. तुम्हाला इंग्रजी आकडे कधीच आले नाहीत, म्हणून तीनच्या बटणावर मी माझ्या कपाळावरची लाल टिकली काढून चिकटवली. त्यानंतर तुम्ही जे सुरू झालात! एकवर कोण आलं-गेलं, चारवर भांडी घासणारी कुणाशी गप्पा मारते, सगळ्याची तुम्हाला खबर. दोनवर तर तुमचं विशेष लक्ष. "ती बाय तिसऱ्यांदा सोलकढी मागता बघ. हिच्या घरात कोकमा नाय वाटता." पण हे सगळं तोंडी लावण्यापुरतं. अंगठा फिरून फिरून टिकलीवर यायचा. काही दिवसांनी म्हणालात, "रंग दिसणा नाय गो, पण हालचाल गावता." आणि मग एका संध्याकाळी तुम्ही ऑफिसच्या फोनवरून रापणीच्या म्होरक्याला, तांडेलाला, होडी काढायला लावलीत. जाळ्यात मासा आला. त्यानंतर आणखी दोनदा तसंच झालं. तांडेल स्वतः येऊन तुमच्या पायाशी ताजे बांगडे ठेवून गेला आणि म्हणाला, "काका, तुमी खुर्चेत बसान बघा नायतर खाटेर, आमका तुमचोच शब्द होयो." तुम्ही त्या रात्री दोन चपात्या जास्त खाल्ल्यात. आईने माझ्याकडे बघितलं आणि डोळे पुसले.

आता तो दिवस. आदल्या दिवशी तुम्ही पाय दाखवायला कुडाळला गेला होतात, लॉजवर आला नव्हतात. आणि आदल्याच दिवशी संध्याकाळी कुणीतरी गाडी मागे घेताना गेटजवळची कुंडी फोडली होती. ती कुणी फोडली ते बघ, असं मालक सांगून गेले, म्हणून मी कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या मशीनवर आदल्या दिवशीचं चार वाजल्यापासूनचं चित्र लावलं. तेवढ्यात फोंडाघाटातून उतरलेली पाहुण्यांची गाडी दारात आली. मी किल्ल्या घेऊन बाहेर धावले. चित्र चालूच राहिलं. तुम्ही व्हरांड्यातला चहा संपवून आत आलात, खुर्चीवर बसलात आणि टिकली दाबलीत. त्या मशीनवर कालचं लावलेलं असताना आकडे दाबले की कॅमेरा बदलायचा, दिवस बदलायचा नाही. कोपऱ्यात तारीख असायची, पण ते आकडे तुम्ही वाचत नव्हता, उलट पाणी झाकतात म्हणून त्यांच्यावर कुरकुरायचात.

मी परत आले तेव्हा तुम्ही फोनवर ओरडत होतात. "अरे, होडी काढ रे! येळ घालव नको! बांगडो लागलो, मोप आसा!" फोन ठेवलात. चेहरा असा उजळलेला की मी तुम्हाला कातळावरसुद्धा तसं बघितलं नव्हतं. मलाही हसू आलं. मग तुम्ही खुशीत दोन नंबर दाबलात आणि म्हणालात, "आणि ही पिवळ्या साडीवाली बाय आजूनय माशे परत पाठवता गो!" मी वर बघितलं. पिवळ्या साडीतली बाई खिडकीशी बसून वाढप्याला काहीतरी सांगत होती. तिला मीच त्या दिवशी सकाळी रिक्षात बसवून दिलं होतं.

कोपऱ्यात कालची तारीख. तुम्ही कालचं पाणी बघितलं होतं. आणि होडी अजून वाळूतच होती, मला खिडकीतून दिसत होती. एक फोन पुरे होता. "काकांची चूक नाही, मी मशीन तसंच सोडून गेले," एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्यामागोमाग मालक पाहुण्यांना घेऊन आत आले. त्यांनी मला आधीच दोनदा बजावलं होतं, की मशीन म्हाताऱ्याच्या हातात देऊ नको. नोकरी जाईल ही भीती होती, खोटं कशाला सांगू? शिवाय तुमचा चेहरा. मी स्वतःला सांगितलं, काल होता तो आजही असेल, बांगडा कुठे गाडीत बसून गेला आहे! आणि तुमच्या हातून रिमोट घेऊन, साडीच्या पदराने पुसायचं निमित्त करून, चित्र आजच्या दिवसावर आणून ठेवलं. तीनवर समुद्र निवांत पसरला होता. तुम्ही बघितलंत, कपाळाला आठी पडली, मग म्हणालात, "खाली गेलो. येतलो वर."

तास-दीड तास ओढाओढ चालली. तुम्ही कुंपणाशी खुर्ची मागवून बसला होतात. पाहुण्यांनीही हौसेने दोरीला हात लावला, फोटो काढले. जाळं वाळूवर आलं तेव्हा त्यात चिकट जेलीफिश, शेवाळ आणि ओंजळभर बारके पेडवे होते. कुणीतरी हसलं. तांडेल हळूहळू चालत आला, तुमच्यासमोर उकिडवा बसला आणि किती मायेने बोलला, "काका, एकदा डोळे तपासून घेवया." त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुम्ही मान हलवलीत. घरी जाताना रिक्षात म्हणालात, "माका साफ दिसलो होतो गो. शाळा सुटलेल्या पोरांसारखो. कसो काय..."

मी तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. पण बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हणजे डोळे बरे आसत. बिघडलाहा ता आत." त्यानंतर तुम्ही लॉजवर आला नाहीत. मी रोज विचारायची आणि तुम्ही पाठ फिरवून म्हणायचात, "कित्याक येव? टीव्ही बघूक?" तांडेल दोनदा येऊन गेला, तुम्ही झोपल्याचं सोंग केलंत. पाण्याबद्दल तुम्ही पुन्हा कधी एक शब्द काढला नाहीत. पुढच्या वर्षाच्या आषाढात तुम्ही गेलात. लोक म्हणाले, पाय मोडल्यापासून खचलाच होता. मी त्यांचा समज खोडून काढला नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी माझा हात पुढे झाला असता की नाही ठाऊक नाही. पण एक सांगायचं राहिलं आहे. त्या मशीनमध्ये सात दिवसांचं चित्र राहायचं, मग जुन्यावर नवं चढायचं. म्हणजे ते पाणी आठवडाभर तिथे होतं. तुम्हाला एकदा रिक्षात घालून आणायचं आणि एक बटण दाबायचं, एवढंच काम. मी रोज दुपारी ऑफिसचं दार लोटून एकटी ते लावून बघायची. बांगडा होता, बाबा. कातळाच्या डाव्या अंगाला, नांगर टाकलेल्या होडीच्या पलीकडे, पाणी शाळा सुटलेल्या पोरांसारखं सळसळत होतं. तुम्ही कुडाळला गेलात त्या दिवशी अख्ख्या किनाऱ्यावर तो कुणालाच दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या डब्यात तो फक्त तुम्हाला दिसला. मला शिकवलंत तरी मला तो सापडायला चार दिवस लागले. रोज वाटायचं, उद्या आणीन तुम्हाला. मग मी काय केलं होतं तेही सांगावं लागेल, म्हणून उद्या. आठव्या दिवशी तारीख घातली तर ते चित्र नव्हतं. मी दोनदा घालून बघितली. आणि मग, बाबा, मला हायसं वाटलं.