काळ्या तारा आणि लाल खुणा

४ मार्च

ॲम्प्लिफायर पुन्हा गप्प! आवाज जरा चढवला की तापतो आणि रुसून बसतो. दुकानदार म्हणाला, "अहो, स्पीकर चार ओहमचे. तुमच्या या डबड्याला झेपायचे नाहीत." माझ्या लाडक्या ॲम्प्लिफायरला डबडं! पण खरंय त्याचं.

डॉक्टरीणबाईंनी बायकोला पडून राहायला सांगितलंय. दिवसभर नुसतं छत बघणार, तर निदान गाणी तरी नीट ऐकू देत. सतरा तारखेला सोनोग्राफी. गेल्या खेपेला दिवस गेले होते, तेव्हा तिथेच बाळाच्या ठोक्यांची वाट बघत बसलो होतो, आणि आवाज आलाच नाही. त्यावर आम्ही दोघं बोलत नाही. मी वायरींवर बोलतो.

७ मार्च

ॲम्प्लिफायर आणला—वापरलेला, पण दणकट. वायरही घेतली, जाड तांब्याची. दुकानात एक भलतीच महागडी गुंडाळीही होती. "फरक कळेल?" "तुमच्या खोलीत? नाही कळायचा." भला माणूस!

८ मार्च

वायरीतल्या दोन्ही तारा काळ्या कुळकुळीत! प्लस कुठली, मायनस कुठली? शेवटी बायकोचं लाल नेलपॉलिश घेतलं आणि प्लसच्या टोकांना लावलं. सासूबाई लेकीसाठी राहायला आल्यात, त्या दारात उभ्या. "जावईबापू, स्पीकरला नटवताय होय?"

९ मार्च

लावलं. सत्यानाश! खालचे सूर गायब. गाणारी बाई कपाटात बसून गातेय जणू. सासूबाई म्हणाल्या, "छान वाजतंय हो." म्हणजे समजायचं ते समजलो.

१० मार्च

दिवसभर चिडचिड. स्पीकर इकडे सरकव, तिकडे सरकव. शेवटी बायको कंटाळून पलंगावरून म्हणाली, "अरे, एक बंद करून बघ ना." केला—तर आवाज भरून आला! दोघांपेक्षा एकटा बरा? मग ट्यूब पेटली. गालिच्याखालून ओढताना वायरीला पीळ पडला होता, आणि पलीकडच्या टोकाला मी भलत्याच तारेला नेलपॉलिश फासलं होतं. एका स्पीकरचा पडदा पुढे यायचा तेव्हा दुसऱ्याचा मागे जायचा. दोघं एकमेकांचं खोडत बसले होते!

त्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली. आहाहा! बाई कपाटातून निघाली ती थेट पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभी. फरशी तळपायाला गुदगुल्या करायला लागली. सासूबाई हातातल्या पळीने ताल धरत बाहेर आल्या. बायकोने डोळे मिटले, हात पोटावर. म्हणाली, "आता बंद नको करूस." मी खुशीत वेडा झालोय.

१६ मार्च

उद्या. भीती वाटते—लिहूनच टाकतो.

१७ मार्च

सोनोग्राफीच्या मशीनचा स्पीकर एवढासा, चिरका, नुसती खरखर. आणि त्यातून—धकधक धकधक! इतका सुंदर आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. बायको रडतेय, हसतेय, माझा हात सोडत नाहीये. डॉक्टरीणबाईंनी मशीनचा दांडा जरा डावीकडे सरकवला.

"थांबा हं. आता दुसऱ्या बाळाचे ठोके ऐका."