सव्वा महिन्याचं ऊन पाणी

॥ श्री ॥
सिंदी मेघे, वर्धा
२० फेब्रुवारी १९८४

श्री. किसनराव यांस व्याह्याचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

पायाचं प्लास्टर कधी निघणार? तीस वर्षं विजेच्या खांबावर चढलात आणि निवृत्त होऊन घरच्या पायरीवरून पडलात. काळजी वाटली, हसूही आलं, माफ करा.

माझ्या लेकीला, जयवंताला, पुढच्या महिन्यात सातवा लागेल. पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी धाडायला तिच्या सासूबाई सीताबाई मोठ्या मुश्किलीनं कबूल झाल्या. घरात बाईमाणूस नाही, सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला ऊन पाणी कोण देणार, हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं. म्हणून तर मी न्हाणीत पाणी तापवायचा बिजलीचा हीटर बसवला आणि तुम्हाला ऐटीत कळवलं.

आता लिहितो ते लपवता आलं असतं. काल हीटर चालू असताना तोटीला हात लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. पाणी सुरेख तापतं. पाचवीला शिकवायचो त्या तीन कविता चालीवर म्हणून होईपर्यंत बादलीतून वाफ निघते. बंडूजी वायरमन म्हणतो, चप्पल घालून न्हात जा. मला पटेना. हे वाचून लेकीला पाठवलं नाहीत तर राग धरणार नाही. जयवंताची आई देवकाबाई गेल्याला दोन वर्षं झाली. घरात कुणाशी बोलावं असं कुणी नाही, एवढंच.

आपला, अण्णाजी


जाम, २४ फेब्रुवारी

गुरुजींस नमस्कार.

प्लास्टरले अजून पंधरा दिवस आहेत, नाई तर स्वतःच आलो असतो. तुमचं पत्र घरात कोणाले दाखवलं नाई. उशीखाली आहे.

पहिले मेन बंद करा. हीटरले कोणीच हात लावायचा नाई. चपलीचा इलाज बंडूजीनं स्वतःच्या घरी करावा.

हीटरमधून करंट बाहेर येऊन राह्यला, हा एक दोष. पण तो अर्थिंगच्या तारेनं जमिनीत जायले पायजे होता, तुमच्या हातात काऊन आला? हा दुसरा दोष, आणि मोठा. ती तार कुठं पुरली आहे, आणि तिथं शेवटचं पाणी कधी टाकलं? काळी जमीन वाळून फाटली की तार असून नसल्यासारखी. खरं खरं लिहिजा.

किसन


सिंदी मेघे, २ मार्च

किसनराव यांस स. न. वि. वि.

तार तुळशीच्या बुडाशी आहे. घरात वीज आली तेव्हा वायरमननं ओलीची जागा विचारली होती. देवकाबाईनं ती दाखवली. रोज सकाळी तिथं तिचा तांब्या रिता व्हायचा. ती गेली, मग तुळसही वाळली. मी नवी लावली नाही. त्या बाजूला जायचंच टाळत होतो. तुमचं पत्र आल्यावर गेलो तर भेगेत माझी छडी वीतभर आत गेली.

रोज दोन बादल्या ओततो आहे. पहिल्या दिवशी जमिनीनं पाणी घटाघटा प्यायलं. उभ्या उभ्या देवकाबाईची माफी मागितली. शेजाऱ्यांनी पाहिलं नसावं.

एवढं करून फळ काय? काल बंडूजीनं बटण दाबताच फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. आधी निदान पाणी तरी तापत होतं. सीताबाईंना आता काय ते सांगून टाका.

अण्णाजी


जाम, ७ मार्च

गुरुजींस नमस्कार.

फ्यूज उडाला हे वाचून मी खाटेवर मोठ्यानं हसलो. सीताबाईनं कारण विचारलं, मग सगळंच सांगावं लागलं.

गुरुजी, हे चांगलं झालं. तार जमिनीले भेटली. जो करंट तुमच्या हातातून जात होता तो तिकडं धावला, म्हणून फ्यूज उडाला. आतली कॉइल फुटली आहे, ती नवी टाका. मग तोटीले टेस्टर लावून पाहा. त्याचा दिवा लागायले नाई पायजे. तरी बादली भरून, मेन बंद करूनच न्हायचं.

पण सीताबाई म्हणते, पहिला प्रयोग माझ्या सुनेवर नाई. शेवटी असं ठरलं, की आठ दिवस तुमी त्या पाण्यानं न्हायचं आणि रोज एक कार्ड टाकायचं. एक जरी कार्ड चुकलं तर जयवंता इथंच. आणि आठवा लागला की तिले प्रवास नाई.

किसन


कार्ड १ले, १३ मार्च
कॉइल बदलली. टेस्टर शांत. न्हालो. हात ठीक, कविता तीनच लागल्या.

कार्ड ६वे, १८ मार्च
न्हालो. धुळवडीचा रंग अजून कानामागे आहे. बाहेर ऊन, अंगावर ऊन पाणी. न्हाऊन निघताच पुन्हा घाम. पण ठीक.

कार्ड ८वे, २० मार्च
न्हालो. मालिशीला भागीरथाबाई कबूल आहे. निकालाची वाट पाहतो.


जाम, २४ मार्च

गुरुजींस नमस्कार.

सातवं कार्ड आठव्याच्या मागून आलं. मधला एक दिवस घरात कोणी धड जेवलं नाई. जयवंता फाटकाशी पोस्टमनची वाट पाहत उभी. सीताबाई तिले सांगून राह्यली होती की मास्तर विसरले असतील, आणि स्वतःच दहादा रस्त्यावर डोकावून येत होती. काल कार्ड आलं, तसं तिनं सुनेचे लुगडे पेटीत भरायले घेतले. मी टोमणा मारला, की त्या घरात बाई नाई, मग कशी पाठवून राह्यली?

तर म्हणाली, "या उन्हात आठ दिवस त्यायनं ऊन पाणी अंगावर घेतलं. बाई अजून काय करते?"

सोमवारी सकाळच्या एसटीनं काठी टेकत तिले घेऊन येतो. तुमी स्टँडवर येऊ नका. तिथं तुमी रडान, आणि मले बाजूले तोंड करून उभं राहावं लागन. घरीच थांबा, दार उघडं ठेवा.

लोभ मागत नाई, तो आहेच.

तुमचा,
किसन