पाटलाचं एक्स्टेन्शन आणि आमचे साडू

लिंबायत, सुरत
गुरुवार

तीर्थस्वरूप पोपटनाना यांस, भूपेंद्रचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचं लोणचं पोचलं. (निम्मं योगेंद्रकडे गेलं, हे तुमच्या बहिणीने परस्पर ठरवलं.) इकडे सगळे खुशाल आहेत, आणि सर्वांत खुशाल आहेत तुमच्या धाकट्या बहिणीचे, हर्षदाचे यजमान, म्हणजे आमचे साडू योगेंद्र.

कापड मार्केटातल्या आमच्या पेढीवर त्याला मीच चिकटवला, हे तुम्ही जाणताच. (चूक माझीच.) साड्यांचे फोटो व्यापाऱ्यांना पाठवायचं काम मी अकरा वर्षं करतोय. फोटोत मागे आलेला पंखा, टेबल, शेठचा डबा सगळं पुसत बसावं लागतं. गेल्या महिन्यात ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेन्शन सापडलं. एक क्लिक, की साडीमागचं सगळं गायब. लावताना त्याने विचारलं, सर्व वेबसाइटवरची तुमची माहिती वाचू आणि बदलू का? हे कुणा परक्याने विचारलं असतं तर मी त्याला दारातूनच घालवला असता. पण खाली बनवणाऱ्याचं नाव होतं पाटील! परमुलखात आपला माणूस एवढा पुढे गेला आणि आपण त्याला नाही म्हणायचं? (शिरपूरकडचा असावा, असा अंदाजही मी बांधला.) मी हो म्हटलं, पाच तारे दिले, आणि वर अभिप्राय लिहिला की पाटील, खान्देशचं नाव काढलंत, सुरतेला आलात तर घरी जेवायला या.

आठ दिवसांत ब्राउझर बिथरला. साडीची जर शोधावी तर जुगाराची पानं उघडायची. मग दक्षिणेतल्या झाडून सगळ्या व्यापाऱ्यांना आमच्या मेलवरून, शेठच्या नावाने, वजन घटवायच्या चूर्णाची जाहिरात गेली. (शेठना स्वतःला एक खुर्ची पुरत नाही.) एकाने तर फोन करून नमुना मागितला. मी म्हटलं, नेट खराब आहे. योगेंद्र मात्र गुपचूप बसून एकेक एक्स्टेन्शन बंद करत गेला आणि पाटलावर येऊन थांबला. म्हणे, फोटो पुसणाऱ्याला आपला मेल कशाला वाचायला हवा? म्हणे, शंभर अभिप्राय एकाच दिवशीचे, एकाच वाक्याचे. वेगळा असा एकच, आणि तो मराठीत. शेठना मराठी वाचता येत नाही, त्यामुळे सगळ्या पेढीसमोर तो मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे आलं. मग योगेंद्रने एक्स्टेन्शनच्या पानावर 'गैरवापर कळवा' दाबून सगळं लिहून दिलं, ते काढलं, पासवर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदलले. चार दिवसांत पाटलाचं पान बंद झालं.

शेठ म्हणाले, "योगेंद्रभाई, तमे तो बहु होशियार!" आणि मला, "भूपेंद्रभाई, तमे कशाने अडता नहीं." (कशालाही हात लावू नका.) नाना, मी जळतो, उघड सांगतो. अकरा वर्षांत मला शेठनी आपणहून अर्धा चहा पाजला नाही, त्याच्यासाठी फाफडा मागवला. घरी सुषमा भाकरी वाढताना म्हणते, "योगेंद्रभाऊनं डोकं देखा, नि तुमनं देखा!" ताटावर बसलेल्या माणसाला उठूनही जाता येत नाही. तेव्हा आखाजीच्या सणाला आम्ही सगळे तिकडे येऊ, त्या वेळी तुम्ही त्याचं कौतुक काढू नये, एवढंच सांगायला हे पत्र.

तुमचा आज्ञाधारक,
(आणि योगेंद्रहून चार वर्षांनी मोठा)
भूपेंद्र

ता. क. : पत्र टपालात न टाकता उद्या सकाळच्या अमळनेरच्या गाडीने गावी निघालेल्या आमच्या शेजारच्या मारुतीच्या हाती देतोय. फोनवर सांगायला जीभ रेटेना. मेल करणार होतो, पण तुमचा मेल तुमच्याआधी पाटील वाचत असेल. नातीच्या बारशाचे फोटो नीट करायला मी तुम्हाला 'आपल्या माणसाचं आहे, बिनधास्त लावा' म्हणून लिंक पाठवली होती, ती हीच. त्याच कॉम्प्युटरवर तुमचं पेन्शनचं खातं उघडतं. ते आधी काढा, पासवर्ड मोबाइलवरून बदला, मगच चहा घ्या. चार दिवस लाजेपायी गप्प बसलो, माफ करा.

ता. ता. क. : काढता आलं नाही तर मला विचारू नका, योगेंद्रला फोन करा. आमच्या घरच्या कॉम्प्युटरवरचंही त्यानेच येऊन काढलं, आणि सुषमाला सोडाच, हर्षदालाही बोलला नाही. त्याचा हाच चांगुलपणा मला सहन होत नाही.