जमिनीपासून नऊ फूट

दि. १४ सप्टेंबर, सकाळी

चिरंजीव धाकट्यास,

दादाचे आशीर्वाद. दोन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. अक्षर गवंड्याचंच आहे, वाकडं असलं तरी पडत नाही. घरात सगळी बरी असतील. पोरींची उंची किती झाली ते कळव.

पुराचं वर्तमानपत्रात वाचलं असशील. पाणी ओसरलं, रस्त्यावरचा गाळ उपसून झाला. खालची खोली तीनदा धुतली तरी ओल जात नाही. भिंतीवर पाण्याची रेघ आहे, फरशीपासून चार फूट दोन इंच. कुणी विचारलं नव्हतं, तरी टेप लावून मोजली. हाताची सवय. मी वरच्या खोलीत झोपतो. जेवण शेजारून येतं. जातं पोटात.

बातमी अशी, की परवा नदीकाठच्या भिंतीच्या चौकशीला सरकारी साहेब आले होते. आदल्या दिवशी आपल्या पक्षाचे अध्यक्ष घरी आले. खुर्ची ओली म्हणून उभेच राहिले.

"मिस्त्री, साहेबांनी विचारलं तर एवढंच सांगायचं. भिंत बारा फूट, पाणी आलं तेरा फूट. निसर्गापुढे आपण काय करणार? तीस वर्षं झेंडा खांद्यावर वागवलात, आता शेवटाला पाय घसरू देऊ नका."

मी चहा विचारला. नको म्हणाले.

भिंतीचं तुला नव्याने काय सांगायचं. पण लिहू दे, मला ते एकदा ओळंब्यात धरून बघायचंय. नदीकाठची ती भिंत आपल्या पक्षाने मंजूर करून आणली आणि मी बांधली. आम्ही गवंडी भिंत पायाच्या तळापासून मोजतो, कारण दगड तिथून लागतो आणि कंबर तिथूनच मोडते. तळापासून बारा फूट. त्यातले तीन जमिनीच्या पोटात. पक्षाने पाटी लावली, 'उंची बारा फूट'. पाणी काही पायाच्या तळापासून चढत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही.

तू तुझ्या शाळेतल्या पाचवीच्या वर्गाला तिथे घेऊन गेलास, दोरीने उंची घेतलीस, ती दोरी शाळेत फूटपट्टीने मोजलीस आणि पक्षाच्या सभेत उठून नऊ म्हणालास. तूही आपल्याच पक्षाचा, म्हणून जास्त झोंबलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हणालो, "मास्तर, पोरांनी दोरी भिजवली असेल, आटली बिचारी!"

सभा हसून लोळली. जन्मात मी तुला कधी मास्तर म्हटलं नव्हतं. तू खाली बसलास. महिन्याभरात पक्षातून तुझं नाव गेलं आणि तू बदली मागून घेतलीस. मी मात्र स्वतःला सांगत राहिलो, की मी खोटं कुठे बोललो? बारा फूट दगड मी माझ्या हाताने रचलाय.

परवा साहेबांनी विचारलं, "मिस्त्री, भिंत किती?"

"जमिनीपासून नऊ."

अध्यक्ष मोबाइलमध्ये बघत राहिले. विरोधी पक्षाचा वकील खुर्चीवरून उडालाच. "ऐका, ऐका! आणि नऊ तरी कुठली, सहाच असेल!"

मी म्हटलं, "वकीलसाहेब, नऊ. तुमच्या सोयीसाठी भिंत बुटकी होत नाही."

झालं, तेही फुगले. बाहेर आलो तेव्हा दोन्हीकडच्यांनी मला वाट करून दिली, ओल्या रंगाच्या भिंतीपासून माणूस अंग चोरतो तशी. बरं वाटलं का? नाही. वाईटही नाही. काही वाटेनासंच झालंय.

आता तुझ्या वहिनीचं. एवढ्या पत्रात तीनदा तिच्याबद्दल लिहायला घेतलं आणि दर वेळी दुसरंच काही लिहिलं.

त्या दिवशी सकाळी नदी फुगल्याचं कळलं. शेजारीण सामान बांधून दारात उभी, टेकडीवरच्या बहिणीकडे निघालेली. वहिनी मला म्हणाली, "अहो, भावोजी नऊ म्हणाले होते ना? मी जाऊ का हिच्यासोबत?"

मी म्हणालो, "भिंत मी बांधली का त्यानं? बारा फूट आहे. बस घरात."

ती बसली. मी पक्षाच्या कचेरीत गेलो, वरच्या गावांतल्या पूरग्रस्तांसाठी ब्लँकेटं बांधायला. दुपारी पाणी भिंतीवरून आलं. दहा फुटांवर थांबलं म्हणतात. तिचे गुडघे तुला ठाऊक आहेत, जिना तिला होत नव्हता. मी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. जिन्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत गेली होती ती.

आज बाविसावा दिवस. तुला कळवलं नाही. गेली असं लिहिलं, की कशानं गेली तेही लिहावं लागलं असतं.

हे घरातलं मी साहेबांपुढे बोललो नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्याआधी कुणी जमिनीपासून मोजली होती का?" मी तुझं नाव दिलं. तुला बोलावणं येईल. ये. ते तुला विचारतील, की नऊ फूट हे मिस्त्रीला आधीपासून माहीत होतं का. तेव्हा दादा म्हणून मला झाकू नकोस. म्हातारा आहे, बायको गेलीय, असलं काही मध्ये आणू नकोस. सरळ म्हण, माहीत होतं.

त्या सभेत तुझा न झालेला,
तुझाच
दादा