उंदराला पोलादी हात

तीर्थस्वरूप मामा,

नमस्कार. गुडघे काय म्हणतात? मामींना नवा चष्मा मानवला का? (आधी तब्येत विचारावी आणि मगच गाऱ्हाणं सांगावं, हे वळण तुमच्याच बहिणीनं लावलंय.) इकडे सगळे ठणठणीत आहेत. मी तेवढी एका दाराखाली अडकले आहे.

मी म्हणजे तुमच्या त्या खेळातली मी, जिथे प्रत्येकानं गोष्टीतलं एक पात्र व्हायचं आणि त्याचं नशीब फाशांवर सोडायचं. तुमची बदली झाल्यापासून आपली फासे-मंडळी दर रविवारी दातांच्या डॉक्टरांकडे, पेशंट बसतात त्या बाकांवर जमते. पुठ्ठ्याच्या आडोशामागे तुमच्या जागी आता डॉक्टर बसतात, गोष्ट पुढे नेतात आणि निवाडाही करतात. फासे अवजारांच्या स्टीलच्या ट्रेमध्ये टाकायचे असतात, त्यामुळे साधा दोन पडला तरी कुणाची तरी दाढ निघाल्यासारखी वाटते.

तर माझी ती बहुरूपी बाई, जी हव्या त्या प्राण्याचं रूप घेते, तिला मी मागे हौसेनं पोलादी हात बसवून घेतला. यंत्राचा हात, बोटांतून ठिणग्या, मनगटात कुलपं उघडायची सोय! परवा आपल्या लोकांना तुरुंगातून सोडवायचं होतं. मी ऐटीत म्हटलं, उंदीर होते आणि दाराखालून जाते. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, “उंदीर गेला. हात बाहेरच राहिलाय.”

मामा, अख्खा हात! खांद्यापासून! त्यांचं म्हणणं, रूप पालटतं ते शरीराचं, बसवलेल्या वस्तूचं नाही. माणूस अंगानं सुटला म्हणून त्याला बसवलेला दात मोठा होतो का? नणंदबाई (शिवणकाम करतात, त्यामुळे लगेच सरसावल्या) म्हणाल्या, बाई उंदीर होते तेव्हा तिचं पोलकं अंगाबरोबर आटतंच ना, मग हातानंच काय घोडं मारलंय? डॉक्टर म्हणाले, पोलकं स्क्रूनं बसवत नाहीत. यावर तुमचे जावई खो-खो हसले. (घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी चकार शब्द बोलले नाही.) मग मी म्हटलं, हत्ती होते, दारच उखडते. तर म्हणे खुशाल व्हा, पण पुढच्या एका पायाच्या जागी माणसाएवढाच हात असेल, आणि तोल गेला की आपल्याच माणसांवर पडाल. मी मुकाट्यानं उंदीरच राहिले.

आता पहारेकऱ्याला तो चकचकीत हात दिसलाय. येत्या रविवारी तो हात ओढणार, आणि हाताच्या दुसऱ्या टोकाला उंदीर झालेली मी आहे. ही बाई तुम्ही मला माझ्या लग्नाआधी समोर बसून करून दिलीत. ती मेली तर मला खरंच रडू येईल, हसू नका. नियम तुमचे आहेत, तुमचा शब्द डॉक्टर मोडणार नाहीत. रविवारच्या आत फोन करून त्यांना सांगा.

तुमची भाची

ता. क. निवाडा अगदी निःपक्षपाती द्या. म्हणजे माझ्या बाजूनं.

पुन्हा ता. क. आत्ताच दवाखान्यातून फोन आला. सोमवारी सकाळी डॉक्टर माझ्या पडलेल्या दाढेच्या जागी खराखुरा स्क्रू बसवणार आहेत. तेव्हा कृपा करून फोन करू नका. ड्रिल हातात असताना ते जिंकलेले असलेले बरे. बाई काय, दुसरी करता येईल. जबडा मला एकच आहे.